दुकानाची पाटी

निपाणीहून बेळगावला निघालेल्या मोटारीत माझ्या मागच्या बाकावर सुताराच्या घरातले दीर-भावजय बसले होते.

“वैनी, तंबाखूच्या शेटजींनी दिवाणखान्यात समदं नवं सागवान घालायला सांगितलं हुतं. तुम्ही नगं म्हणालासा.”

“जुने दरवाजे चांगले हुते की. तेच तासून खिडकीत बैठक केली.”

“मला वाटलं, गिऱ्हाईक गेलं.”

“भावजी, शेटाणीबाईला घरात उजेडात बसायला जागाच न्हवती. मी इचारलं तर रडली बिचारी.”

“आता शेटजीबी तिथंच बसून पेपर वाचत्यात. सदलग्याच्या त्यांच्या मेव्हण्यानं आख्ख्या घराचं काम आपल्याकडं दिलंय. चिकोडीचीबी दोन घरं हायत.”

“म्हंजी वर्षभर हाताला काम हाय.”

“व्हय. म्हणून बेळगावात खासबागेतल्या आपल्या दुकानावर पाटी लावतोय. ‘नागुबाई सुतार’ अशी.”

“माझं नाव? लोक काय म्हणतील?”

“दादा गेल्यापासनं धंदा तुमच्याच डोक्यानं चाललाय. लोक तुमचंच नाव इचारत येत्यात.”



“भावजी, अक्षरं मोठी काढायला सांगा. लांबनं दिसली पायजेत.”