दोन आट्यांवर चाक

स्पेअर पार्टच्या दुकानात पुढच्या जोडप्याचा वाद संपेना. बायकोला जाऊन वर्ष झालेला सुतार त्यांच्या मागे चुळबुळत उभा होता.

“जुनेच बोल्ट चालतील गं.”

“अहो, चाकामागे पंधरा मिलिमीटर जाडीची स्पेसरची चकती घातलीत, मग बोल्टही तेवढाच लांब नको? दोन आट्यांवर चाक धरणार?”

“हळू चालवीन.”

“हळू चालवायला स्पोर्ट्स कार घेतलीत? दादा, पंधराने लांब द्या. आणि डोक्याखाली या जुन्यासारखीच गोलाई हवी.”

“एवढी भीती वाटते, तर तू घरी बस.”

“आणि दाराकडे डोळे लावून राहू? निखळायचंच असेल चाक, तर मी शेजारी असताना निखळू दे.”

“...लांबच द्या हो, दादा.”

“माफ करा हं भाऊ, आमच्यामुळे खोळंबलात.”

“छे हो वहिनी,” सुतार म्हणाला, “आणखी थोडं भांडलात तरी चालेल.”