सूज उतरली आणि दादा थांबला

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील डॉक्टर मंडळी, ज्यांना आज आपण निरोप देतो आहोत त्या आपल्या व्यायामाच्या बाई, आणि हृदयरोग विभागाच्या आजी-माजी पेशंट बंधु-भगिनींनो,

मी शिंपी माणूस. कापडासमोर हात चालतो, माईकसमोर जीभ अडते. सांभाळून घ्यावं.

मी आणि माझा थोरला भाऊ बाईंच्या वर्गात एकदमच आलो. दुकान एक, मशिनं शेजारी-शेजारी, दुखणंही एकच. बाईंनी समजावलं की रक्तवाहिन्यांच्या आत बारीक सूज धुमसत असते. ती दिसत नाही, जाणवत नाही, पण हृदयविकाराचा धोका वाढवते. नेमानं चाललं, हातपाय हलवले, की बहुतेकांची ती कमी होते. दादा म्हणाला, "म्हणजे अस्तरच खराब झालंय तर." बाई हसल्या, आणि पुढे प्रत्येक नव्या पेशंटला त्या अस्तराचंच उदाहरण देऊ लागल्या.

दादा मन लावून यायचा. काही महिन्यांनी रक्त तपासलं, तर सूज खरंच उतरलेली. आता याहून आनंदाची गोष्ट कोणती? पण दादाला वाटलं, आपण बरे झालो. त्यानं वर्ग सोडला.

बाई ब्लाउज शिवायच्या निमित्तानं दुकानात आल्या. माप देता देता म्हणाल्या, "दादा, सूज चालण्यानं उतरलीय. चालणं थांबलं की पुन्हा चढेल."

"शाळेचे गणवेश हातावेगळे करतो, की आलोच," दादा म्हणाला.

खोटं बोलला नाही हो तो. गणवेश संपले, मग कुणाचे पडदे आले, मग आणखी काही. गिऱ्हाइकाला नाही म्हणणं त्याला कधी जमलंच नाही. एका दुपारी त्याच्या मशिनचा आवाज थांबला. मला वाटलं, दोरा तुटला असेल.

बाई घरी भेटायला आल्या, तेव्हा वहिनीनं विचारलं, "हे चालत राहिले असते, तर वाचले असते का?"

बाई वहिनीशेजारी बसल्या. मग म्हणाल्या, "माहीत नाही, वहिनी. धोका कमी झाला असता. त्यापुढचं मला सांगता येत नाही."

नातेवाइकांना ते कोरडं वाटलं. वहिनी मात्र मला म्हणाली, इतक्या लोकांत खरं बोलल्या त्या बाई एकट्याच. पुढच्या महिन्यात वहिनी स्वतः वर्गात आली. आजही इथं, तिसऱ्या रांगेत बसलीय.

बाईंच्या जागी कोण येणार, हे अजून ठरलेलं नाही असं ऐकतो. अध्यक्ष महोदय, ही तक्रार नव्हे, विनंती आहे. सोमवारी आम्ही नेहमीसारखे येऊ. दार तेवढं उघडं असू द्या.

मला बोलायची संधी दिलीत, याबद्दल ऋणी आहे. शब्द कुठे उसवला असेल, तर मोठ्या मनानं माफ करा. बाई, तुमचे आभार मानायला खरं तर आम्ही दोघा भावांनी उभं राहायला हवं होतं. त्याच्या वाटचेही मीच मानतो.