शुक्रवारचा दिवा

(सिडनीची वसाहत. लेकीचं बाळंतपण उरकून विनिफ्रेडबाई नुकतीच होडीतून उतरली आहे. शेजारचा फेलिम सुतार तिचं गाठोडं घेऊन दारापर्यंत आला आहे.)

फेलिम : नाक आहे ना तुम्हाला? आज शुक्रवार, मांस वर्ज्य, आणि तुमच्या घरातून डुकराच्या चरबीचा वास येतोय.

विनिफ्रेड : येतोय खरा.

फेलिम : पाद्रीबाबांना सरकारनं जहाजात घालून परत धाडलं. पवित्र भाकर तेवढी तुमच्या कपाटात राहिली, आणि तिच्यापुढचा अखंड दिवा. आपल्या आयरिश लोकांना इथं देव म्हणून तेवढंच. आणि राखणीला कोण? देवळातल्या मेणबत्त्या चोरून काळ्या पाण्यावर आलेली बाई.

विनिफ्रेड : पुरानं अडकले रे, नाहीतर कधीच आले असते. ओनोरा, अगं दार उघड.

ओनोरा : लोटलंय नुसतं, बाई. वाऱ्यानं दिवा विझेल म्हणून.

विनिफ्रेड : चुलीवर काय आहे?

ओनोरा : चूल थंड आहे.

फेलिम : मग मांस काय देवदूतांनी तळलं? बाई, हिला कैदिणींच्या कारखान्यात परत पाठवा.

ओनोरा : पाठवा, बाई. पण आधी ती वात जरा पुढं सारा. माझ्या हातून पाप झालंय. तेल संपलं होतं. फेलिमदादांकडं मागायला गेले...

विनिफ्रेड : काय म्हणालास रे हिला?

फेलिम : म्हटलं, विकून दारू पिशील.

ओनोरा : माझ्या शिध्यातलं खारवलेलं डुकराचं मांस होतं. त्याची चरबी वितळवली, दिव्यात घातली. आज शुक्रवार उजाडला तसा हात अडला. उपासाच्या दिवशी देवापुढं मांसाची चरबी कशी जाळू? पण बाबा सांगून गेले होते, दिवा दिसला की लोकांना कळतं, देव घरात आहे. मी विझवला असता, तर तो गेला असं झालं असतं.

विनिफ्रेड : मग तू काय खाल्लंस?

ओनोरा : मक्याची पेज. चांगली लागते मीठ घातलं की.

विनिफ्रेड : आणि वात कसली ही?

ओनोरा : माझ्या टोपीची. धुतलेली होती, बाई.

फेलिम : त्या मेणबत्त्या... त्या कशाला घेतल्या होत्यास तू?

ओनोरा : पोर गेलं होतं माझं. उशाशी लावायला काही नव्हतं.

विनिफ्रेड : फेलिम, बघ जरा. ज्योत हलतसुद्धा नाहीये. कपाटाला साधी कडी नाही, आणि मी हिच्या भरवशावर गेले. वाटेत पाण्यात अडकले ना, तेव्हा मलाही धाकधूक झाली होती. आणि इथं हे असं.

फेलिम : धूर होतोय थोडा.

विनिफ्रेड : होऊ दे.

फेलिम : हे गाठोडं कुठं ठेवू? टोपी काढायचीय मला.

विनिफ्रेड : ठेव तिथंच.

फेलिम : ओनोरा, जरा सरकतेस का? गुडघे टेकायला जागा दे.