गणपतीला सवाष्ण लागते

नाव पुकारलं ते कुसुमचं, आणि कुसुम नाही म्हणाली नाही. मान खाली घालून पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली. सचिव म्हणाले, कुसुमताईंना अध्यक्ष करावं असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा, आणि हात वर गेले, पुरुषांचे गेले त्याचं काही नाही, पण बायकांचे गेले, बांगड्या वाजल्या. त्या हातांना वर जायचा हक्क आम्ही दोघींनी भांडून मिळवला होता, मी आणि कुसुमनं.

आम्ही झाशीचेच. पूर्वज दक्षिणेतून आले, इथले बाकीचे सगळे सांगतात आम्ही सरदार होतो, आमचे मात्र शिपाई होते. मी चौथी शिकले. पुढची शाळा लांब, आणि वडील म्हणाले, करायच्या तर पोळ्याच आहेत. लग्न झालं, मुलगा झाला, हे गेले, मग छावणीत फौजींच्या वर्दीवर फिती शिवायचं काम धरलं, ते डोळे होते तोवर केलं. कुसुम जवळच्या मोठ गावाहून लग्न होऊन आमच्या शेजारी आली. मला जिज्जी म्हणायची, म्हणजे मोठी बहीण, अजून म्हणते. तिची बाळंतपणं मी काढली, माझ्या आजारपणात तिनं मला जेवू घातलं, आता खोटं कशाला बोलू.

आमच्या मराठी समाजाचं गणपतीचं देऊळ आहे. तिथला नियम असा की एका घराचं एक मत, आणि ते घरच्या पुरुषाचं. हे गेले तसं आमच्या घराचं मत गेलं. मी विचारायला गेले तर म्हणाले, मुलगा मोठा झाला की देईल. मुलगा मोठा झाला, नोकरीला भोपाळला गेला, मत काही आलं नाही. मी म्हटलं, अहो, दिल्लीचं सरकार निवडायला माझ्या बोटाला शाई चालते आणि देवळाचा खजिनदार निवडायला चालत नाही, हे काय आहे. हसले. म्हणाले, वहिनी, तुम्ही मोदक फार छान करता.

बरं. त्या वर्षी कुणीच मोदक केले नाहीत. मी आणि कुसुम चैत्रापासून घरोघर हळदीकुंकवाला जात होतो, कुसुम कुंकू लावायची आणि मी बोलायची, कारण मी कुंकू कसं लावणार. पण बायका ऐकायच्या, आंब्याची डाळ खात खात हो म्हणायच्या. चतुर्थीला देवळातली चूल पेटली नाही. पुरुषांनी बड्या बाजारातून पेढे आणले, गणपतीनं काही तक्रार केली नाही, पण जेवायला बसलेल्यांनी केली. पुढच्या सभेत बायकांना मत मिळालं.

मग निवडणूक. तारीख मुद्दाम महिला दिनाची धरली, पेपरात फोटो येतो. माझं नाव कुसुमनं सुचवायचं हे ठरलेलं, आदल्या दिवशी माझ्याकडे बसून चार वाक्यं पाठ करून गेली. आता तुम्हाला नियम सांगते म्हणजे कळेल. चतुर्थीची पहिली आरती अध्यक्षाच्या हातची. मी अध्यक्ष झाले असते तर ती मी केली असती, आणि मला तेच हवं होतं, खुर्ची नको होती. पुरुषांना ते ठाऊक होतं.

सभा सुटल्यावर मी तिला जिन्यापाशी गाठलं. म्हटलं, कुसुम, हे कधी ठरलं. म्हणाली, जिज्जी, रात्री सगळे घरी आले होते, हे पण म्हणाले. म्हटलं, ते म्हणाले, तू काय म्हणालीस. ती म्हणाली, जिज्जी, नाराज मत होना, पण गणपतीला सवाष्ण लागते ना.

काय सांगू तुम्हाला. माझ्या नवऱ्याचा बारावा-तेरावा तिनंच निभावला होता, आणि ज्या दारांत ती कुंकू लावत होती त्या दारांत मी तिच्या शेजारी उभी होते. तिच्या मनात हे तेव्हापासून होतं की त्या रात्री घातलं, मी विचारलं नाही. विचारून काय मिळणार.

त्याच दिवशी त्यांनी माझा सत्कारही केला. स्त्रीशक्ती वगैरे बोलले. श्रीफळ कुसुमच्या हातून दिलं. मी घरी येऊन ते फोडलं आणि चटणी केली. भोपाळहून आलेली नात म्हणाली, दादी, छोड़ो ना. तिला मराठी कळते, बोलत नाही. मी म्हटलं, चटणी खा.

आता पहिली आरती कुसुमचा नवरा करतो. ती ताटाला हात लावते. सभेत तोच बोलतो, ती सही करते. दर महिला दिनाला पहिल्या महिला अध्यक्ष म्हणून तिला हार घालतात, आणि मत कसं मिळालं ते सांगताना समाजानं दिलं असं सांगतात. मी जाते. मत देते, दरवेळी तिच्याविरुद्ध, हात उंच करून, तिला दिसेल असा. तिचं कुंकू राहो, माझं काही म्हणणं नाही.

दारोदार फिरलेल्या दोघीच होत्या. एक कुसुम. दुसरी मी, सुमती, वय ऐंशीच्या पुढे, मुक्काम झाशी.