मेट्रनबाईंकडची किल्ली

नाही नाही, तुम्ही उठू नका मिस्त्री — राहा तसेच आडवे, डोकं डॅशबोर्डखाली, पाय बाहेर — मी आपला इथे दाराशी उभा राहून बोलतो. मला सवय आहे. माझं सलून आहे ना, त्या बँकेला लागून — गिऱ्हाईक खुर्चीत बसलं, गळ्याशी कापड बांधलं, गालाला वस्तरा टेकला, की बोलणारा मी एकटाच. समोरच्याने उत्तर दिलंच पाहिजे असा माझा मुळीच आग्रह नसतो. फक्त एक सांगा, हे दोन्ही किल्ल्या लागतील म्हणजे काय? एका किल्लीत नाही का भागणार? एक आहे की माझ्याजवळ. ही बघा.

कळलं हो, कळलं, मघाशीच सांगितलंत. जुना डबा खलास — बीसीएम म्हणा, बॉडी कंट्रोल मॉड्यूल म्हणा, मी आपला डबा म्हणतो — काचा, वायपर, दिवे, कुलपं, हॉर्न, सगळा कारभार त्या एवढ्याशा डब्याच्या हातात, आणि नेमकं त्याच्यातच पाणी गेलं. काचेखालच्या जाळीत पाला साचला, पाण्याला जायला वाट नाही, झिरपलं आत. पिना हिरव्या पडल्यात, दाखवल्यात तुम्ही. आता नवीन डबा बसवायचा, पण तो कोरा. त्याला कुठलीच किल्ली ओळखीची नाही. म्हणून तुम्ही लॅपटॉप जोडणार, आणि एकाच बैठकीत सगळ्या किल्ल्यांची ओळख करून देणार — आणि जी त्या वेळी हजर नसेल ती गाडीला परकी. मग तिची बटणं कितीही दाबा, गाडी ढिम्म. बरोबर? बघा, सगळं लक्षात आहे माझ्या. तरीही विचारतोय, एका किल्लीत नाही का भागणार?

हरवलेली नाही हो दुसरी. आहे. आमच्याच इमारतीत आहे, तळमजल्यावर. मेट्रनबाईंकडे.

कोण म्हणजे? शेजारी. मी तिसऱ्या मजल्यावर, त्या खाली. मोठ्या हॉस्पिटलात मेट्रन होत्या, आता घरीच असतात. जन्मभर रात्रपाळ्या केल्या, त्यामुळे रात्रीची झोप कायमची गेली — दुपारी काय डोळा लागेल तेवढीच त्यांची झोप. आणि आमची ही महामाया बोंबलते कधी? दुपारी! ऊन चढलं, डबा तापला, की पोंऽऽऽ — गाडीत कुणी नाही, जवळपास कुणी नाही, आणि बाईंच्या खिडकीखाली पोंऽऽऽ! एकदा तर मी आत बसलेला आणि दारं आपोआप बंद. वायपर सुरू — आकाशात ढगाचा ठिपका नाही हो. काचा उतरत नाहीत, कुलूप उघडत नाही, मी आतून दोन्ही हात हलवतोय, आणि मेट्रनबाई खिडकीत. त्यांना वाटलं मी टाटा करतोय. त्यांनीही केला! आणि गेल्या आत. थोड्या वेळाने पुन्हा डोकावल्या, तेव्हा त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला की एवढा वेळ कुणी कुणाला टाटा करत नसतं. आल्या दगड घेऊन. दगड उगारला मात्र, आणि खटकन कुलूप उघडलं — घाबरलं असणार, दुसरं काय, मीही घाबरलो होतो.

तेव्हा दिली मी किल्ली त्यांना. सुट्टीच्या दिवशी सलूनमध्ये गर्दी, मला दुपारी घरी येता येत नाही, म्हटलं हॉर्न सुरू झाला तर तुम्हीच दार उघडा, बॉनेट उघडा आणि बॅटरीची वायर काढा. एकदा दाखवलं, लगेच जमलं. हातमोजे घालून काढतात, आणि काढली की वर एक फडकं झाकतात. कशासाठी ते विचारायची माझी हिंमत नाही.

पण मी घरी असलो ना, मग काही खरं नाही. हॉर्न वाजला की तरातरा वर येतात, बेलवरचं बोट काढत नाहीत, आणि दार उघडलं की सुरू. काय झापतात, अहाहा! “माणसांची काही चाड आहे का तुम्हाला? गाडी आहे की आजारी म्हैस?” मी मान खाली घालून उभा. मग त्यांना दम लागतो. मग मी म्हणतो पाणी घ्या. पाणी झालं की चहा, आणि चहा आला की मग बसावंच लागतं ना माणसाला? बसतात. वॉर्डातल्या गोष्टी सांगतात, डॉक्टरांच्या नकला करतात — एवढ्या हुबेहूब की हसून हसून माझा ठसका थांबत नाही, मग पाठीत धपाटाही घालतात. बायको जाऊन इतकी वर्षं झाली, मिस्त्री, घरात एकदम दोन कप विसळायची वेळच कधी आली नव्हती.

काय म्हणालात? सावलीत? लावता आली असती की. समोर एवढं मोठं झाड आहे — पण पक्षी घाण करतात हो. मागच्या बाजूला शेड आहे म्हणा. मोकळीच असते. आधी तिथेच लावायचो, तिथे कधी वाजला नाही हॉर्न... तुम्ही हसताय काय खाली? पाय हलताहेत तुमचे, मला दिसतंय. हो, लावतो मी उन्हात! माझी गाडी, मी लावीन कुठेही!

पण आता पुरे. काल वाजला तेव्हा त्या आल्या, बेल अगदी हळू वाजवली. झापलं नाही. बसल्या, आपणहून पाणी मागितलं, आणि म्हणाल्या, “मला झोप हवी आहे हो. माझ्याच्याने आता होत नाही. भाऊ कधीचा बोलावतोय, त्याच्याकडे जाते राहायला.” आवाज असा मऊ — मिस्त्री, त्यापेक्षा झापलं असतं तर परवडलं असतं. चहा केला तर अर्धा तसाच ठेवून गेल्या. मी रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर, स्वतःलाच शिव्या देतोय, अरे माणसा, तुझ्या गप्पांपायी बाईंची झोप खाल्लीस. सकाळी सलूनचं शटरसुद्धा उघडलं नाही, थेट तुमच्याकडे आलो. बदला डबा. आजच बदला. वर नाही आल्या तर नाही आल्या, खाली आहेत एवढं तरी राहू दे मला.

म्हणून म्हणतोय, एकाच किल्लीचं करा. नीट ऐका — दुसरी किल्ली मागितली तर त्या आणून देतील, आणि म्हणतील, आता हॉर्न वाजायचा नाही, मग ही माझ्याकडे कशाला? संपलं! आणि नाही मागितली तर राहील तिथेच, त्यांच्या दाराजवळच्या खिळ्याला. गाडीला न का चालेना! त्यांना कुठे कळणार आहे? मला मात्र येता-जाता दिसेल की आहे बुवा, आपलं काहीतरी त्यांच्याकडे आहे. वेडेपणा आहे, मला कळतं. तुम्ही मुकाट्याने एकाच किल्लीचं करा.

आँ? पुन्हा बोला. डोकं बाहेर काढून बोला.

किल्ली त्यांच्याकडे होती तर वर कशाला यायच्या? वर म्हणजे... झापायला. हो, पण बॅटरीची वायर खालच्या खाली काढून झोपता आलं असतं, बरोबर आहे तुमचं — सुट्टीच्या दिवशी काढतातच — आणि मी घरी असलो की मात्र... तीन जिने... आणि गुडघे दुखतात हो त्यांचे, रोज तेल लावतात... थांबा. थांबा जरा. एक मिनिट बोलू नका.

फोन कुठे गेला माझा? हा, खिशातच आहे.

हॅलो — हां, मीच बोलतोय — नाही नाही, वाजला नाही, गाडी इथे गॅरेजमध्ये आहे, डबा बदलतोय — हो, आजच — हो, अगदी आवाज बंद. मी काय म्हणतो, तुमच्याकडची किल्ली... हां, ती लागणार आहे. म्हणजे नवीन डब्याला तिची ओळख करून द्यावी लागते, नाहीतर ती... हां... हां... अहो, भावाकडे जाणार होतात ना तुम्ही?... काय? त्याच्याकडे कुत्रा? दुपारभर भुंकतो?... मग काल बोलला नाहीत ते... बरं. बरं, ऐकतोय मी. हो... हो... सांगतो त्यांना, तसंच सांगतो. ठेवतो.

त्या स्वतः घेऊन येताहेत. म्हणाल्या, त्या मिस्त्रींना सांगा, माझ्या किल्लीची ओळख नीट करून द्या, आणि तुम्हाला सांगते, परत मागायची नाही, ती माझ्याकडेच राहणार. आणि म्हणाल्या... म्हणाल्या, तुमच्याकडे वर यायला मला हॉर्नच लागतो असं कुणी सांगितलं तुम्हाला?

मिस्त्री, तुमच्याकडे कंगवा आहे का हो? — दात काय काढताय? न्हाव्याने कंगवा मागू नये असा काही कायदा आहे का? सकाळी घाईत निघालो, तसाच आलोय. नाही? राहू दे मग. तुम्ही जा बघू खाली, डोकं आत घाला, काम करा. आणि त्या आल्या की एक अक्षर बोलायचं नाही. मीही नाही बोलणार. ऐका — रिक्षा थांबली वाटतं. गप्प बसा आता.