एक निरोप, तीन वाटा

"रोशनी तोंडवर खोटं बोलनी. आते तिन्हावर भरोसा ठेवानं नही!"

...हे सासरे म्हणाले, सासूबाईंना, मोरीच्या भिंतीपलीकडे, आणि अलीकडे मी, हातात साबण, दाताखाली जीभ! कारण तुम्हाला सांगते, अख्ख्या घरात माझी नणंद रोशनी एकटीच खरं बोलली होती. खोटं मी पाठवलेलं.

पण करणार काय? आमच्या गुजरांच्या घरात नवी सून सासऱ्यांशी थेट बोलत नाही. डोक्यावर पदर, नजर खाली, दीड महिन्यात मी त्यांच्या चपला ओळखायला लागले, चेहरा अंदाजाने! आणि गुरुवारी लोणखेड्याच्या कॉलेजात माझी एमएस्सीची शेवटची तोंडी परीक्षा. विषय? सांगते. मोलगीच्या बाजारासारख्या ठिकाणी रेंज गेली, तर लोकांच्या खिशातले फोनच एकमेकांचे निरोप पुढे सरकवतात, पण माणसं कुठे एका जागी थांबतात? एखादा जीपमध्ये बसून निघूनच जातो! म्हणून निरोपाला दोन-तीन वाटा ठेवायच्या. एका वाटेवर विसंबायचं नाही! दोन वर्षं हेच घोकलं हो.

म्हणून धीरजला, म्हणजे नवऱ्याला, म्हटलं, मामांना, म्हणजे सासऱ्यांना, परीक्षेचं विचारा. "हा हा, इचारस ना!" म्हणाला, गेला केळीच्या बागेत, विसरला... वाट तुटली! एका वाटेवर विसंबायचं नाही, म्हणून रोशनीलाही मामांच्या कानावर परीक्षेचं घालायला सांगून ठेवलेलं. आणि सासूबाई? त्या म्हणणार, "लगीन व्हयनं, आते कशानी परीक्षा?" म्हणून त्यांना सांगितलं, आईला बरं नाही, गुरुवारी माहेरी म्हसावदला जाऊन येते. वाटा वेगळ्या हव्यात असं पुस्तकात आहे. निरोपही वेगळा हवा असं कुठे लिहिलंय? कुठ्ठेच नाही!

पोचले ना दोन्ही निरोप सासऱ्यांपाशी, एकाच संध्याकाळी! सासरे रोशनीवरच उखडले, "याहीन तठे आजारी, नि तू परीक्षाना गप्पा मारस?" याहीन म्हणजे विहीण, माझी आई! रोशनी माझ्याकडे बघत राहिली. एक अक्षर बोलली नाही. मीही नाही. तिचं गप्प राहणं माझ्यासाठी होतं. माझं?... तेही माझ्यासाठीच!

गुरुवारी सकाळी पाहते तर अंगणात गाडी उभी. टोपलंभर पपया, सासूबाई ठेवणीतल्या साडीत, धीरज ड्रायव्हरच्या जागी, सासरे काळजीनं विचारताहेत, "डॉक्टरले फोन करी ठेवू का?" सगळं घर माझ्या ठणठणीत आईला बघायला निघालेलं! आणि रोशनी दारात, झाडू घेऊन. तिला न्यायचं नाही, ही तिची शिक्षा. तिनं उलट मलाच हात केला, जा म्हणून. तो हात काही मला झेपला नाही...

एका वाटेवर विसंबायचं नाही म्हणे! बघितलं इकडेतिकडे, कुणामार्फत सांगू? कुणी उरलंच नव्हतं. पदर सावरला, चपलांवरची नजर उचलली, आणि पहिल्यांदाच बोलले,

"मामा, आई बरी आहे. रोशनी खरंच बोलली, खोटं मी बोलले. तिलाही गाडीत घ्या... आणि रागवायचं ते लोणखेड्यापर्यंत वाटेतच रागवा, साडेदहाला परीक्षा आहे."