अंगावर गप्प बसणारा टॅग

सन्माननीय अध्यक्षमहोदय, व्यासपीठावरील संचालक मंडळी, ज्यांच्यासाठी आपण जमलो ते आमचे सर, पहिल्या रांगेतल्या वहिनी, त्यांची लेक आणि प्रयोगशाळेतल्या माझ्या सहकाऱ्यांनो,

सरांच्या कामाविषयी मी चार शब्द बोलावेत असं ठरलंय. चार शब्दांत आटपणं मला कधी जमलेलं नाही, हे सर जाणतातच. विषयही आनंदाचा नाही. पण काय सांगायचं ते त्यांनीच ठरवून दिलंय, तेव्हा माझा नाइलाज आहे.

पाहुण्यांसाठी सांगते. आम्ही ओळख-टॅगचे अँटेना बनवतो. या टॅगला बॅटरी नसते. दारावरचं यंत्र लहरी सोडतं, टॅगमधली तांब्याची बारीक तार त्या पकडते आणि तेवढ्याच जोरावर उत्तर देते, 'मी अमुक'. सरांनी असा टॅग वृद्धाश्रमांसाठी केला. ज्यांची स्मृती गेली आहे असं कुणी एकटं बाहेर पडायला लागलं, की घंटा वाजावी म्हणून. तो शर्टाच्या कॉलरमध्ये शिवायचा. आणि पहिला आश्रम कोणता निवडला? जिथे त्यांचे स्वतःचे वडील होते तो.

एका दुपारी सरांचे वडील, आम्ही त्यांना आजोबा म्हणायचो, त्या दारातून निघून गेले. घंटा वाजली नाही. पहारेकरी काही झोपला नव्हता हो, एका आजींची चाकाची खुर्ची आत घेत होता बिचारा. संध्याकाळी आजोबा कालव्यात सापडले.

अंत्यसंस्कार आटोपून सर कामावर आले ते वडिलांचा शर्ट घेऊन. हातात धरून त्यांनी तो यंत्रासमोरून नेला. घंटा वाजली. तेव्हाचे संचालक म्हणाले, "बघा, टॅग चोख आहे. आश्रमाचंच काहीतरी चुकलं असणार." आम्हा सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

सरांनी तो शर्ट अंगात घातला. वडील अंगाने बारीक, पोटावरची बटणं लागेनात. पण गळ्याचं बटण त्यांनी ओढूनताणून लावलं, कारण आजोबा ते कायम लावायचे. मग ते दारातून चालत गेले. यंत्र गप्प. परत आले. गप्प. माणसाच्या शरीरात पाणीच जास्त, ते या लहरी गिळून टाकतं. आणि आम्ही चाचण्या घेतल्या होत्या थर्माकोलच्या पुतळ्यावर!

"हे या दाराबाहेर जाता कामा नये," संचालक म्हणाले.

"माझे वडील गेलेच ना दाराबाहेर," सर म्हणाले.

तोच शर्ट अंगात ठेवून त्यांनी एकेका आश्रमाला फोन केला. टॅगवर विसंबू नका, दारावर माणूस बसवा, म्हणून सांगितलं. कामं रद्द झाली, आमचा विभाग निम्मा झाला. ज्यांच्या नोकऱ्या गेल्या, त्यातल्या काहींनी सरांशी बोलणं टाकलं. मी त्यांना दोष देत नाही. सरांनीही दिला नाही.

पुढची कित्येक वर्षं सर एकाच गोष्टीच्या मागे होते. एकाच टॅगमध्ये लहरींचे दोन पट्टे हवेत, म्हणजे दोन तारा: एक लांबून ऐकू येणारा, आणि एक अंगाला चिकटला तरी न बुजणारा. आणि हे सगळं शर्टाच्या बटणाएवढ्या जागेत! एवढ्याशा जागेत दोन तारा कोंबल्या, की एकीला सरळ करावं तर दुसरी बिघडते. कितीतरी नमुने टाकून दिले. प्रत्येक नमुना सर गळ्याशी बांधून दारातून जायचे. पुतळा त्यांनी कधीच फेकून दिला होता.

आता अवघड भाग. सर मुदतीआधी निवृत्त का होताहेत, असं तुम्ही मला बाहेर विचारत होतात. गेल्या वर्षी हातात तारा जोडायची, रोजच्या वापरातली सोल्डरिंगची कांडी धरून त्यांनी मला विचारलं, "याला काय म्हणतात गं?" मला वाटलं, थट्टा करताहेत. थट्टा नव्हती. डॉक्टरांनी सांगितलं, वडिलांचाच आजार आहे.

आजचं भाषण ठरलं तेव्हा मी म्हटलं, "सर, हे भाषणात कशाला?"

"सांगून टाक. नाहीतर मंडळी मला पुढच्या वाटचालीच्या शुभेच्छा देतील."

हसलात तरी चालेल. ते स्वतः खूप हसले होते.

नवा टॅग गेल्या महिन्यात पुरा झाला. शेवटच्या चाचणीला त्यांची लेक आली होती. तिनेच तो बाबांच्या कॉलरमध्ये शिवला, गळ्याचं बटण लावलं. सर दारातून गेले आणि घंटा अशी वाजली, की वरच्या मजल्यावरची माणसं धावत आली. लेक तिथेच फरशीवर बसली आणि हुंदके देऊन रडू लागली. सर गोंधळून म्हणाले, "अगं, रडतेस काय? वाजली ना!"

त्या क्षणी तिला ते लेक म्हणून ओळखत होते का, हे विचारायचं धाडस माझ्यात नव्हतं.

वहिनींच्या वतीने एक विनंती. सर कुठे एकटे दिसले, तर 'मला ओळखलंत का' असं विचारू नका. हात धरा आणि घरी आणून सोडा.

आपण शांतपणे ऐकलंत, मी ऋणी आहे. मानाच्या क्रमात कोणी मागेपुढे झालं असेल, एखादा शब्द लागला असेल, तर पोटात घाला. सर, तुम्हीही.